साडेपाच तास चुकलेला वारा

तोंडवलीच्या किनाऱ्यावर जाऊन 'रामचंद्र मेतर कोण?' असं विचारलंत, तर दोन माणसं डोकं खाजवतील आणि तिसरा म्हणेल, "अरे, वाऱ्याचो भाई! तसा सांगा ना!" तर त्या भाईंची ही गोष्ट. वय सहासष्ट, अंगाने काटक, बोलायला कमी, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चाळीस वर्षं रापणीचा दोर ओढल्यावर गुडघ्यांनी तरी काय करावं?

रापण ज्याला ठाऊक आहे त्याने चार ओळी सोडून खुशाल पुढे जावं. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे आणि पन्नास-साठ माणसांनी दोन रांगांत उभं राहून ते ओढायचं. तीन-साडेतीन तासांचं काम, आणि मध्येच उत्तरेचा वारा सुटला की जाळ्याचा पार बट्ट्याबोळ. या रापणीला एक असा मालक नाही. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. विकायची मासळी टेम्पोत चढली की घरी खायच्या मासळीचे ढीग वाळूवर लागतात आणि तांडेल, म्हणजे रापणीचा मुख्य, एकेकाचं नाव पुकारतो. आधी दोर ओढणाऱ्यांची नावं. ती संपली की घरी बसलेल्यांची: म्हातारे, आजारी, विधवा. त्यांनाही मिळतं, हात कुणाचा रिकामा राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाईंचं नाव पहिल्या यादीतून या दुसऱ्या यादीत आलं. कुणी टोचून बोललं नाही हो. उलट त्यांच्या टोपलीत दोन बांगडे जास्तच पडायचे, आणि तेच भाईंना झोंबायचं. त्यांची बायको आनंदी मालवणच्या बाजारात मासे विकते. तिला हे दुखणं कळत नसे.

"पयल्या नावाचो काय नि शेवटच्या नावाचो काय, मासो कढयेत सारकोच शिजता," ती म्हणायची.

"तुका नाय कळाचा ता," भाई म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. तिला कसं कळणार? ती अजून आपल्या पायांवर उभी राहून कमावत होती.

मग घरातला कॉम्प्युटर त्यांच्या कामी आला. मुलगी जान्हवी लॉकडाऊनच्या दोन वर्षांत घरून नोकरी करत होती. ती पुन्हा पुण्याला गेली तेव्हा कॉम्प्युटर, इंटरनेटची वायर आणि खुर्ची मागे ठेवून गेली. एके दिवशी भाईंनी त्यावर वाऱ्याचा नकाशा बघितला. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतचा किनारा, त्यावर सरकणारे बाण, खाली तासातासाचे आकडे. मोबाइलवर जे मुंगीएवढं दिसायचं ते इथे पाटाएवढं. हवामानाची तीन वेगवेगळी पानं उघडायची, आभाळ बघायचं, पाण्याचा रंग बघायचा, चाळीस वर्षं आठवायची आणि मग एक शब्द सांगायचा. हळूहळू सांज झाली की तांडेल शंकर तारी भाईंच्या ओटीवर येऊन विचारू लागला, "भाई, उद्याचो वारो?"

तुम्ही म्हणाल, आता फोन कुणाच्या खिशात नाही? आहेत ना. पण दहा फोन, दहा वारे. जाळं कुणाच्या भरवशावर टाकायचं? भाईंचा शब्द एक आणि दोन वर्षांत तो फारसा हुकला नव्हता. नाव अजून दुसऱ्याच यादीत पुकारलं जायचं, पण भाई मनाशी म्हणत, माझा वाटा फुकटचा नाही. वारा सांगणं हाच माझा दोर. एवढ्या एका समाधानावर माणूस ताठ चालत होता, काठी टेकत का होईना.

आणि या ऑक्टोबरात कॉम्प्युटर आजारी पडला. आधीच तो सुरू व्हायला चहा होऊन कप विसळून होईपर्यंत वेळ घ्यायचा. आता त्याने पडद्यावर पाटी लावली की जुन्या विंडोजची मुदत संपली, नवी या मशीनवर बसायची नाही, नवं मशीन घ्या. नकाशा उघडला की बाण जागच्या जागी गोठायचे. एकदा शंकर पाऊण तास ओटीवर बसून राहिला आणि शेवटी आपल्या फोनवर बघून निघून गेला. भाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जवळच्या कट्टा गावात ग्लिनिस लोबो नावाची मुलगी कॉम्प्युटर क्लास चालवते. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, पण भाई तिच्या बापाचे मित्र, म्हणून मुलगी. रविवारी चर्चमधला मिस्सा आटपला की ती आनंदीकडे मासे न्यायला येते. तिने कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला, दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "काका, मशीन बरा आसा. ह्येच्यार दुसरी सिस्टिम चलात. लिनक्स."

"किती पैशे?"

"फुकट."

भाईंच्या कपाळावर आठी पडली. फुकटच्या वस्तूचा त्यांना आधीच राग. "फुकट कशी? हेचो मालक कोण?"

"मालक कोणच नाय. जगातली हजारो माणसां थोडा थोडा करतत. जेका होया तेणी घेवचा, जेका जमता तेणी हात लावचो."

भाईंनी खिडकीतून किनाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे रापण."

ग्लिनिस हसली. "व्हय गे बाय, रापणच!" ती आनंदीकडे बघून म्हणाली. "काका, माका क्लासात पोरांका ह्या समजावूक अर्दो तास लागता."

"पण मी दोराक हात लावलंय नाय, नि वाटो घेव?"

"आदी चलवन तर बघा."

तिने एक पेनड्राइव्ह दिला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: हा खोचा, मशीन सुरू करा, एफ बारा दाबत राहा, 'वापरून बघा' यावर क्लिक करा, 'बसवा' यावर करू नका. जुनं काही पुसलं जाणार नाही. मात्र बंद केलं की नवं सगळं विसरेल. बरं वाटलं तर पुढच्या रविवारी येऊन कायमचं बसवीन.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सांजेला भाई मशीनसमोर बसले. नवीन काम म्हणजे आधी देवाला गाऱ्हाणं घालणं आलंच. त्यांनी पेनड्राइव्ह हातात धरून डोळे मिटले आणि पुटपुटले, "बा देवा म्हाराजा, आज ह्या नव्या वस्तूक हात घालतंय, काय चुकला माकला तर सांबाळून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून आनंदी ओरडली. तिचा हात कालवणात होता, पण थट्टेची संधी सोडेल ती आनंदी कसली.

एफ बारा दाबताना भाईंचं बोट दुखलं, पण चाललं! अहो, चाललं म्हणजे काय, धावलं. चहा गाळून होण्याआधी पडदा समोर. भाषा विचारली, त्यात मराठी होती. 'कचरापेटी' हा शब्द वाचून भाई एकटेच हसले. कुठल्या तरी अनोळखी माणसाने बसून हा शब्द इथे लिहिला असेल, पैसे न घेता. दोराला लागलेला एक हात. त्यांना बरं वाटलं.

नकाशावरचे बाण सरसर पळत होते. कोपऱ्यातल्या घड्याळात मात्र दीड वाजला होता आणि बाहेर तर दिवेलागण. भाईंनी ते बघितलं. पण नवं घड्याळ लावून घ्यावं लागतं, त्यात काय एवढं? आनंदीचं स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा महिने वीस मिनिटं पुढे असतं, म्हणून भात कच्चा राहिलाय का कधी? नंतर लावू, म्हणाले.

पानं उघडली. पहिलं म्हणालं, उद्या उत्तरेचा वारा सकाळी साडेसहाला. दुसरंही साडेसहा. तिसरं, जे नेहमी आपलंच घोडं पुढे दामटायचं, तेही साडेसहा. तिघं एकमुखी! दोन वर्षांत असं झालं नव्हतं. मनाच्या एका कोपऱ्यात भाईंना वाटत होतं की आभाळ तसं बोलत नाही, सकाळ शांत जाईल. पण तीन जण एक सांगतात तेव्हा चौथ्याने हट्ट का करावा?

शंकर आला. भाई म्हणाले, "साडेसाक सुटतलो. जाळां घालू नकात."

"माज्या फोनार बारा दिसतत," शंकर म्हणाला.

"तुज्या फोनाचा माका सांगू नको. तीन ठिकाणी बगलंय."

शंकरने मान डोलावली आणि गेला. एवढा विश्वास. कसला धाक त्या विश्वासाचा, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

साडेसहा वाजले. समुद्र तेलासारखा. भाई ओटीवर काठी धरून उभे. सात वाजले. सुरूच्या झाडाचं एक पान हलेल तर शपथ. साठ माणसं किनाऱ्यावर उकिडवी बसून वाऱ्याची वाट बघत होती, आता कधीही सुटेल म्हणून होडी वाळूत तशीच. आठ. समुद्रपक्षी आणि घारी एकाच जागी खाली सूर मारू लागल्या, म्हणजे खाली मासळीचा थवा. दोन-तीन माना वळून भाईंच्या घराकडे बघून गेल्या. नऊ वाजता पलीकडच्या वाडीच्या रापणीने जाळं ओढलं, बांगड्याने तुडुंब भरलेलं. ती आरडाओरड भाईंना घरात ऐकू आली.

आता जाळं टाकायचं तर भर दुपार होणार. निदान दुपारी पाणी कसं असेल ते सांगता यावं म्हणून भाई पुन्हा मशीनसमोर बसले. ते त्यांनी रात्रभर बंदच केलं नव्हतं. भरतीचं पान उघडलं. पान म्हणत होतं, पूर्ण भरती सव्वादहाला. भाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, दहा वीस. खिडकीतून बाहेर बघितलं, तर ओहोटीने खडकांचं खडप उघडं पडलेलं, पोरं कालवं काढतायत. ही कसली भरती?

भरतीचा हिशोब या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. आज पंचमी. पाच त्रिक पंधरा, पंधराचा चौथा भाग पावणेचार. भरती पावणेचारला. पान म्हणतं सव्वादहा. भाईंनी बोटं मोजली. साडेपाच तास. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, चार पन्नास. भिंतीवर दहा वीस. पुन्हा साडेपाच तास.

साडेसहात साडेपाच मिळवा.

"मेलंय मी," भाई म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

त्यांनी ग्लिनिसला फोन लावला. "बाय, माजे साडेपाच तास खंय गेले?"

तिला समजायला दोन वाक्यं लागली. "अरे देवा! काका, ह्या मशीनाक तुमी खंय आसात ता सांगूक लागता. नायतर ता विलायतेचो वेळ धरता, नि हवामानाची पानां त्याच घड्याळार चलतत. सांगूचा मीच विसारलंय. चूक माजी."

"तुजी कशी? घड्याळ माका दिसला होता."

तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली. शहरांची यादी उघडली. भाईंनी मालवण शोधलं, नाही. मुंबई शोधली, ती पण नाही. "हंय आपल्यातला कोलकाता तेवडा आसा गो! कोलकात्याचो वारो घेवन मी काय करू? थंयचो दर्या पुर्वेक!"

"काका, सगळ्या देशाचा घड्याळ एकच. दाबा कोलकाता."

भाईंनी जीव मुठीत धरून कोलकाता दाबलं. घड्याळ टुणकन उडी मारून दहा पस्तीसवर आलं. तिन्ही पानांवर वाऱ्याची वेळ बदलून दुपारचे बारा झाली.

"जुनाच चालू करून दिव काय परत?" ग्लिनिसने हळूच विचारलं.

"नको. जाळां एकदा फाटला म्हणान कोण दर्या सोडता?" मग ते म्हणाले, "पण ह्या करणाऱ्यांका एक कळव. म्हणा, माणूस पयल्यान बसता तेवाच तेका विचारा, बाबा तू खंयचो."

"लिवतंय. तुमच्या नावान लिवतंय."

"लिव. म्हणजे माजो पण हात लागलो."

बरोब्बर बारा वाजता वारा सुटला. भाई काठी घेऊन किनाऱ्यावर निघाले. वाळूतली ती दोनशे पावलं त्यांना फोंड्याचा घाट चढल्यागत वाटली. सुरूच्या सावलीत माणसं बसली होती. भाई मध्ये जाऊन उभे राहिले.

"मशीनात नवी सिस्टिम होती, पण तिच्यार चूक ढकलूक मी इलंय नाय. घड्याळ चुकीचा दिसत होता, मी दुर्लक्ष केलंय. तुमची सकाळ मी घालवलंय." ते शंकरकडे वळले. "शंकर, माजो वाटो आजपासून पाठव नको."

एक जण वाळूवर रेघा ओढत होता. मग शंकर उठला.

"भाई, वडताना हातातलो दोर तुटलो म्हणान कोणाचो वाटो तोडलो हा आमी आजपर्यंत?"

"तसा नाय रे..."

"सांजेक येतंय. वारो बगून ठेव." आणि तो जाळ्याकडे वळला. एवढंच. पण त्याच्या आवाजात कालची ऊब नव्हती. भाईंना ते बरोबर कळलं, चाळीस वर्षं एका दोरावर काढलेली माणसं ती.

सांजेला भाईंनी दुपारी बंद केलेलं मशीन सुरू केलं, आधी पुन्हा कोलकाता लावलं, मग भिंतीवरच्या घड्याळाशी ताळा घेतला, मग आनंदीला हाक मारून तिच्याकडूनही वेळ विचारली. तिने वीस मिनिटं पुढची सांगितली, ते सोडा. पानं उघडली. तिन्ही म्हणत होती, उद्या वारा साडेअकराला. भाई बाहेर आले. दुपारी सुटलेला वारा दिवे लागले तरी पडला नव्हता, अंगाला गार लागत होता. असा वारा दुसऱ्या दिवशी लवकर उठतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या पानावर लिहिलेलंही नव्हतं.

शंकर आला. या वेळी त्याने विचारायच्या आधी भाईंनीच विचारलं, "तुज्या फोनार काय आसा?"

"साडेअकरा."

"माज्या मशीनार पण साडेअकरा. पण मी सांगतंय साडेधा. धाच्या आत जाळां भायर काढा."

शंकर त्यांच्याकडे बघत राहिला. काल तीन पानांवर विसंबून आपटलेला माणूस आज त्याच तीन पानांच्या विरुद्ध बोलत होता. शंकरची काय अवस्था झाली असेल! "म्हणजे काळोखात होडी घालूक व्हयी," तो म्हणाला.

"व्हय."

"बरा," म्हणून तो गेला. त्या 'बरा'चा अर्थ लावता लावता भाईंना झोप आली नाही.

पहाटे ते स्वतःच किनाऱ्यावर गेले. कुणी 'कित्याक इलात?' विचारलं नाही. होडी गेली, दोर आले, दोन रांगा लागल्या. भाई वाळूत काठी रोवून उभे. पावणेदहाला जाळं बाहेर. बांगडा कालच्यासारखा नव्हता, पण बरा होता. विकायची मासळी बायकांनी आणि टेम्पोवाल्याने उचलली. खायच्या मासळीचे ढीग लागले.

आणि मग कुणी जागचं हललं नाही. शंकर ढिगांसमोर उभा, पण नावं पुकारीना. रापणकार वाऱ्याला शिव्या घालतो. त्याच वाऱ्याची वाट बघत साठ माणसं वाळूत बसली आहेत, असं मागल्या दोन दिवसांत दोनदा झालं. सव्वादहा. समुद्र निवांत. साडेदहा. कुणीतरी आभाळाकडे बघितलं, कुणीतरी भाईंकडे. आनंदी टोपली डोक्यावर घेऊन उभी होती, ती करवादली, "माजो बाजार चुकतलो तुमच्या ह्या वाऱ्यापायी!" पण तीही गेली नाही. भाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आपण कशाला तो एक तास पदरचा घातला? पानांवर होतं तेवढंच सांगितलं असतं तर कुणी विचारलं नसतं, असं त्यांना वाटून गेलं.

दहा पस्तीसला सुरूच्या शेंड्यांत बारीक सळसळ झाली. मग गालाला गार लागलं. मग पाण्यावर उत्तरेकडून एक काळी रेघ सरकत आली आणि बघता बघता सगळ्या समुद्राला पांढरे शेंडे फुटले.

"इलो गो बाय!" आनंदी ओरडली, आणि किनाऱ्यावर हसू फुटलं.

शंकरने डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि पहिल्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. दोर ओढणाऱ्यांची नावं आता सुरू होणार होती. भाई सवयीने मागे सरकले, घरी बसलेल्यांची पाळी यायला अजून अर्धा तास होता.

"रामचंद्र मेतर," शंकरने पुकारलं.

भाईंना दोन वर्षं हे नाव इतक्या लवकर ऐकायची सवय नव्हती. ते तसेच उभे राहिले. मागून कुणीतरी त्यांना खांद्याने ढोसलं.

"भाई, तुमकाच पुकारता हा. घेवा लवकर, मागे आमी आसंव."